गाणं संपेपर्यंत

शमुवेल गावित मशीन चालू करताना गाणं म्हणायचा. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. पण त्या वेळी खोलीतलं बाकी सगळं बंद असायचं, त्यामुळे बाहेर व्हरांड्यात बसलेल्या पेशंटलाही ते ऐकू यायचं. हात पाठीमागे बांधलेले, नजर कपाटातल्या दिव्यांवर आणि तोंडात ते एकसुरी गाणं. मधे कुणी बोललेलं त्याला खपत नसे. एकदा मी दारातूनच ओरडले, "गावितभाऊ, झालं का चालू? माझे रिपोर्ट अडलेत!" त्यानं मान न वळवता नुसता तळहात दाखवला, चौकातला पोलीस दाखवतो तसा. गाणं संपलं, त्यानं खालची दोन बटणं दाबली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, पंगत बसायच्या आधी आपण वाढप्याला हाका मारता."

मी नंदुरबारला एका संस्थेच्या दवाखान्यात रक्त तपासते. गावित आमच्याकडे इंजिनीअर होता. तपासलेल्या प्रत्येक रक्ताचा रिपोर्ट, प्रत्येक एक्स-रे ज्या कपाटात साठायचा, ते कपाट त्याच्या ताब्यात. कपाट एका थंड खोलीत होतं. वर डिस्कचे खण, एकाखाली एक; ही त्याची पंगत. तळाशी दोन कंट्रोलर, हे वाढपी. कुठल्या पानात काय वाढलंय ते फक्त वाढप्यांना ठाऊक. एक आडवा झाला तर दुसरा सगळी पंगत सांभाळतो. पण पंगत पुरती बसायच्या आत वाढपी सोडला तर त्याला निम्मी पानं दिसतच नाहीत, आणि तो म्हणतो, जेवायला कुणी आलंच नाही. म्हणून आधी वरचे खण चालू करायचे, सगळे दिवे हिरवे होऊन थांबेपर्यंत वाट पाहायची, आणि मगच कंट्रोलर. हे मला त्यानंच सांगितलं, तेही एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "मागच्या वेळी आपण कुठे होता?"

असला माणूस! गोड बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. मूळचा खांडबाऱ्याच्या पलीकडल्या डोंगरातला, घरी मावची बोलणारा, पण दवाखान्यात कायम पुस्तकातलं मराठी. आम्ही सगळे अहिराणीत 'काय करी ऱ्हायना' चालवायचो, आणि हा शिपायालासुद्धा "कृपा करून पादत्राणे बाहेर ठेवावीत" म्हणायचा. रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं मराठी तो सोमवारी आम्हाला ऐकवतो, असं मी म्हणायची. शर्ट पांढरा आणि कडक इस्त्रीचा. डबा एकटाच खायचा. खोलीत कुणी टेकलेलं चालायचं नाही. माझं आणि त्याचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच.

पण डोंगरात गेला की हाच माणूस वेगळा व्हायचा. आमच्या भागात सिकलसेल खूप. रक्तातला आजार, आईबापांकडून पोरात येणारा. नवरा-नवरी दोघांच्याही रक्तात तो लपलेला असला तर पोरांचे हाल कुत्रा खात नाही. म्हणून दवाखान्यानं पाडोपाडी फिरून रक्त तपासायचं ठरवलं. पहिल्या गावात आमची गाडी पाहून लोकांनी दारं ओढून घेतली. गावित हा कपाटवाला माणूस, त्याचा रक्ताशी काय संबंध! पण तो आपणहून गाडीत बसून आला. अंगणात उकिडवा बसून मावचीत बोलत राहिला. काय बोलतो विचारलं तर म्हणाला, "मी त्यांना सांगितले, कागद द्याल तो पावसात भिजेल, चुलीच्या धुरात काळा पडेल. तुमचे नाव माझ्या खोलीत कोरडे राहील. मी ठेवतो, वाचत नाही."

त्याच्या त्या शब्दावर बायांनी बाह्या वर केल्या. पुढं लग्न जमवायच्या आधी लोक दवाखान्यात यायला लागले. पोराचा आणि पोरीचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारायचे, जोडी चालेल का. यायचे ते आधी गावितच्या खोलीच्या दारात उभे राहायचे, त्याला राम राम करायचे, मग माझ्याकडे. मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा. सुया मी टोचायच्या आणि मान यांना!

कपाट वर्षातून एकदाच पूर्ण बंद व्हायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा. एक्स-रेचं मशीन, माझी सूक्ष्मदर्शकं, जनरेटर, रुग्णवाहिका, सगळ्यांना झेंडूचा हार. चालतं यंत्र पुजायचं नाही, त्याला एक दिवस विसावा द्यायचा, ही आपली रीत. गावित ही संधी साधून कपाटाची सर्व्हिसिंग उरकायचा. दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या पडायला लागतात, गावाबाहेर जिकडे बघावं तिकडे लाल. त्या मिरचीची धूळ बंद खिडकीतूनही आत येते. तो पंख्यांच्या जाळ्या काढून झटकायचा, शिंकून शिंकून बेजार व्हायचा. मग कंट्रोलर एकेक करून बाहेर ओढायचा, आतली बॅटरी बघायचा, ब्रश फिरवायचा. मनगटाला एक पट्टा बांधायचा आणि त्याची वायर कपाटाला अडकवायचा, म्हणजे अंगातली वीज नाजूक भागांना लागत नाही. शिपाई त्याला गावितभाऊचा गंडा म्हणायचे. मग पूजा व्हायची. तो मागं उभा राहायचा, प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा. सगळे गेले की गाणं म्हणत कपाट चालू करायचा.

आमचा ड्रायव्हर सुपडू एकदा व्हरांड्यात म्हणाला, "आक्का, हाऊ मशीनले बाप्तिस्मा दी ऱ्हायना का?" आम्ही सगळे हसलो. सुपडूच्या मनात काही नव्हतं, त्याला कशाचीही मस्करी लागते. पण थट्टेला पाय फुटले. संस्थेचे अध्यक्ष आप्पा, आणि त्यांचा पुतण्या भूषण आमचा व्यवस्थापक. भूषणच्या कानावर ते गेलं तोवर त्यातलं हसू गळून गेलं होतं आणि उरलं होतं एवढंच, की पूजा आपण करायची आणि वर येशूचं गाणं हा म्हणणार.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी भूषणनं गावितला बोलावलं. मी तिथंच होते, सुट्टीचा अर्ज घेऊन. भूषण म्हणाला, "गावित, यंदा पूजाले तू खोलीमा नको. चालू बी आम्हीच करी लेसूत."

गावित म्हणाला, "पूजेला मी बाहेर थांबतो. चालू करायला मला बोलवावे."

"बटनच दाबनं शे ना? त्यामा कसानी इंजिनिअरकी?"

"आधी वरचे खण. मग थांबायचे. मग कंट्रोलर."

"बरं भो. कितला येळ थांबनं?"

आता इथं हा माणूस नुसतं मिनिटांत बोलला असता तर! पण नाही. मान ताठ, शर्ट ताठ, आणि म्हणतो कसा, "गाणे संपेपर्यंत."

भूषणचा चेहरा लाल झाला. त्याला वाटलं, हा तोंडावर चिडवतोय. मी बाहेर आल्यावर गावितला झापलं, "अहो, घड्याळ नाही का तुमच्याकडे? सरळ मिनिटं सांगायची!" तो म्हणाला, "मी कधी घड्याळ लावलेच नाही, आक्का. गाणे संपले की दिवे थांबलेले असतात. नेहमी." त्याला खरंच ठाऊक नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, आणि माप कशाचं, तर गाण्याचं! वर म्हणाला, "दिवे हिरवे झाले का ते पाहिले तरी पुरे आहे. तेवढे त्यांना कळेल."

नाही कळलं. पूजेला हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. गावित बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसला होता, खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. कपाटाला हार घातला, नारळ फुटला. भूषणनं वरचे खण चालू केले आणि मोठ्यानं म्हणाला, "त्यानं गाणं, तर आपली आरती!" सगळ्यांनी टाळ्या धरल्या. आरती झाली, पण घाईघाईत झाली, एकाच कडव्यात आटोपली, कारण आप्पांना पुढं आणखी पूजांना जायचं होतं आणि पेढे वाटायचे होते. दिवे लुकलुकत होते. निम्मे हिरवे, निम्मे अजून पिवळे. भूषणनं खालची दोन्ही बटणं दाबली.

कपाट गुरगुरलं आणि लाल झालं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "भूषणभाऊ, त्याले बलाव ना! बाहेरच बठेल शे!"

आप्पा म्हणाले, "आक्का, पूजामा कटकट नको."

पडदा विचारत होता (हे मला नंतर कळलं), या डिस्क अनोळखी दिसतात, जुनी मांडणी पुसून नवी करू का? मोबाइलवर आपण न वाचता 'हो' म्हणतो, तसं भूषणनं 'हो' म्हटलं. मी तोवर दाराबाहेर धावले होते. गावित माझा चेहरा पाहून असा उठला की चपला बाकाखालीच राहिल्या. आत येऊन त्यानं पडद्याकडे एकदा पाहिलं. वाटेतल्या एकाला ढकललं, हार तोडला, आणि कपाटामागं हात घालून विजेची वायर हिसकून काढली. जोरात, मुळापासून. ठिणगी उडाली. पेढ्यांचं ताट सांडलं. मनगटाला पट्टा नाही, पाय अनवाणी. त्याला इतका रानटी मी कधीच पाहिला नव्हता.

यंत्र एकेक डिस्क कोरी करत चाललं होतं, म्हणून त्यानं वायर ओढली. नंतर सुरतेहून जाणकार आले, तेही म्हणाले, जे वाचलं ते वायर ओढल्यामुळं वाचलं. आणि वाचलं काय? पगारपत्रकं आणि संस्थेच्या उद्घाटनांचे फोटो! आप्पा फीत कापताना, आप्पा दीप लावताना. रक्ताचे रिपोर्ट गेले. दुसरी प्रत ठेवायला गावितनं दुसरं कपाट मागितलं होतं, पण त्याच वर्षी संस्थेच्या कमानीचं काम निघालं. कमान मात्र झकास आहे, कुणीही येऊन बघावी.

मग चौकशी. सुरतेच्या जाणकारांना तिथं कुणी विचारलंच नाही. पूजेला हजर असलेल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एकच होती, गावितनं वायर उपटली. भूषणचं बोट कुणाला दिसलं नव्हतं, गावितचा सगळा देह दिसला होता. भूषण म्हणाला, "बठ्ठं नीट व्हतं. यानी वायर उपटी ना, तठेच घोळ व्हयना." मी उभी राहिले आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. मला सांगण्यात आलं की बाई, तुम्ही तुमची लॅब बघा. गावितला विचारलं, तर तो पुस्तकातल्या मराठीत म्हणाला, "वायर मी ओढली, हे खरे आहे." आणि बसला. अरे, पुढचं बोल ना! का ओढली ते बोल! मी त्याच्याकडे बघून दात ओठ खात होते. त्याला काढून टाकलं. त्यानं थंड खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जाताना तेवढं म्हणाला, "मिरचीचा हंगाम आहे, जाळ्या झटकत चला."

पावसाळ्यात डॉक्टरांनी ठरवलं की रक्त पुन्हा घ्यायचं. गाडी डोंगरात गेली आणि रिकाम्या नळ्या घेऊन परत आली. दोनदा तसंच झालं. मग ज्यांनी त्याला काढलं त्यांनीच, जनाची नाही निदान मनाची तरी लाज असावी, मला निरोप दिला, "गावितले म्हना, एक डाव ये." मी म्हटलं, तो थुंकेल तुमच्यावर. पण तो आला. तोच पांढरा शर्ट, फक्त इस्त्री नव्हती.

त्याच्याच गावी गेलो. त्याची सख्खी मावशी ओट्यावर बसली होती. तिच्या नातीचं लग्न ठरत होतं, आणि त्यासाठीच तिला पोरीचा जुना रिपोर्ट हवा होता. पोरीचं रक्त मीच घेतलं होतं, तपासलंही मीच होतं. पण इतक्या पोरींमधली एक, मला काय आठवणार? आणि गावित? तो तर ठेवायचा, वाचायचा नाही. मावशी मावचीत खूप वेळ बोलली. मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, "म्हणते, रक्त काय झऱ्याचे पाणी आहे, सांडले की पुन्हा भरायला? पहिले कुठे सांडले ते आधी सांग."

"मग? काय सांगितलंत?"

"माझ्याकडून हरवले, असे सांगितले."

माझा संताप संताप झाला. त्या ओट्यावरच मी त्याला बोलले, "तुमच्याकडून? भूषणचं नाव घ्यायला जीभ झडते का तुमची? तिथं चौकशीत गप्प, इथं स्वतःच्या माणसांत स्वतःलाच काळं फासता!"

तो शांतपणे म्हणाला, "आक्का, या लोकांनी रक्त मला दिले होते. संस्थेला नव्हते दिले."

मावशीनं नातीला आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. लग्न तसंच होणार, रिपोर्टाशिवाय, हे त्या बंद दारावरून कळत होतं. गावित दाराकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

परत येताना बांधावरून चाललो होतो. दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली. बाया चिखलात वाकून रोपं लावत होत्या, लावत लावत मागं सरकत होत्या, आणि गात होत्या. मी थबकले. तेच गाणं! थंड खोलीतलं, एकसुरी, ओठातलं. इथं ते चिखलात मोकळ्या गळ्यानं चाललं होतं.

"गावितभाऊ, हे तर तुमचं..."

"हो. आवणीचे गाणे. एक गाणे संपले की एक ओळ लावून होते. आई यावरच काम मोजायची."

"म्हणजे चर्चमधलं नाही?"

"नाही. चर्च येण्याच्या आधीचे आहे."

मला बांधावरच बसावंसं वाटलं. एवढं रामायण घडलं ते या गाण्यावरून! मी म्हटलं, "अहो, मग हे सांगायचं ना तेव्हाच! सगळ्यांना वाटलं येशूचं गाणं आहे. सांगितलं असतंत तर हे काहीच झालं नसतं."

तो चालायचा थांबला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर चिडला असेल हजारदा, पण दुखावलेला मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, "आणि असतं तर, आक्का?"

'असते' नाही म्हणाला, 'असतं' म्हणाला. बायांची ओळ संपली, गाणं थांबलं, आम्ही गाडीकडे गेलो. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. गुजरातेत कुठल्याशा कारखान्यात लागलाय म्हणतात. त्याचा फोन लागत नाही, आणि मावशीच्या नातीचं लग्न झाल्याचं मला सुपडूकडून कळलं.

पुढच्या खंडेनवमीला आमच्याकडे नवं कपाट आलं होतं. एकच बटण, खण आधी, कंट्रोलर नंतर, मधलं थांबणं सगळं ते स्वतःच करतं. ताट पुन्हा माझ्याच हातात होतं. आप्पांनी कौतुकानं कपाटावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "देख आक्का, आते गानंबिनं काही लागस नही."

मी म्हटलं, "आप्पा, ते येशूनं गानं नव्हतं. भात लावानं गानं व्हतं, त्यानी मायनं."

आप्पांनी कपाटावरचा हात काढला. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाले, "आरे! मंग त्यानी सांगनं व्हतं ना तव्हय! इतलं काही व्हतंच नही."

चौकशीत वायरचं नाव होतं. कागदोपत्री त्याला वायरसाठी काढलं होतं, आणि आप्पा गाण्याचं बोलत होते. मी ताट त्यांच्यापुढं धरलं आणि विचारलं, "आनि येशूनं ऱ्हातं तर, आप्पा?"

आप्पांनी ताटातला नारळ उचलला आणि भूषणला म्हणाले, "चाल, फोड."